कोणाची सही चालेल?

माझी सगळी नोकरी कोषागार खात्यात गेली. शेवटची काही वर्षं एका तालुक्याच्या गावी उपकोषागार अधिकारी होते. त्यामुळे हयातीचा दाखला कशासाठी असतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको. पेन्शन माणूस असेपर्यंत असते. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं आणि ते घेणारं माणूस गेलं की तेही संपतं. पण कोण कधी गेलं हे कोषागाराला आपोआप कळत नाही. घरच्यांनी कळवलं तर कळतं. मयताच्या नावावर पैसे उचलले जात राहिल्याची प्रकरणं माझ्या टेबलावर आलेली आहेत, त्यांच्या वसुलीच्या नोटिसांवर मी सह्या केलेल्या आहेत. सरकारचा पैसा म्हणजे शेवटी लोकांचाच पैसा, तेव्हा वर्षातून एकदा खात्री करून घेणं योग्यच आहे, असं मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते.

आमच्याकडची पद्धत साधी होती. नोव्हेंबर लागायच्या सुमारास कोषागारातून बँकांकडे याद्या जायच्या. पेन्शनरने आपल्या शाखेत जायचं, यादीत नाव शोधायचं, समोर सही किंवा अंगठा करायचा. पुनर्विवाह आणि पुनर्नियुक्तीची माहितीही तिथेच द्यायची. यादीवर सही नसली की पेन्शन थांबायची. बँक उघडायच्या आधीच पायऱ्यांवर धोतरं, नऊवारी, स्वेटर, कानटोप्या यांची गर्दी व्हायची. एका वर्षी अर्धांगवायू झालेले एक म्हातारे मास्तर रिक्षातून आले. त्यांना उतरवणं शक्य नव्हतं. बँकेतले साहेब यादी आणि शाईचं पॅड घेऊन स्वतः रिक्षापाशी गेले आणि मास्तरांचा अंगठा धरायला लागले. मास्तरांनी हात मागे घेतला, पेन मागितलं. यादीखाली आधाराला फाइल धरली, तरी एका सहीला किती वेळ लागला! तोवर रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही. ती सही वाकडीतिकडी होती, पण मास्तरांचीच होती.

मी हे एवढं सांगते आहे, कारण त्या बँकेत प्रत्येकाला ओळखणारं कोणीतरी होतं. साहेबांना मास्तर ठाऊक होते. सही घेणाऱ्याने समोरच्या माणसाला नुसतं एकदा पाहायचं, तेवढ्यावर काम भागत होतं. गाव सोडलं की ही सोय संपते आणि देश सोडला तर विचारायलाच नको.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं लेकीकडे कॅनडात आलो, टोरोंटोच्या शेजारच्या मिसिसागाला. आमच्यासारखे आईवडील इथे बहुतेक सुपर व्हिसावर येतात. 2022 पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. नातवंडं लहान असतात, लेकी-सुना नोकरीवर असतात, आणि म्हातारी माणसं एकदा आली की लवकर परत जात नाहीत. पण पेन्शन तिकडे, बँक तिकडे, कोषागार तिकडे. नोव्हेंबर मात्र दोन्हीकडे येतो.

पहिल्या वर्षी लेकीने तिच्या बँकेत नेलं. तिथली बाई फार अदबीने बोलली, पण दुसऱ्या देशाच्या सरकारी कागदावर सही करायची त्यांना परवानगी नाही म्हणाली. मग एक नोटरी गाठला. दुकानांच्या रांगेत, केस कापायच्या दुकानाशेजारी त्याचं ऑफिस होतं. त्याने पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पीपीओ म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं की तो पेन्शन मंजूर झाल्याचा आदेश, आणि त्याचा नंबर म्हणजे पेन्शनरची ओळख. त्याने माझी सही समोर घेतली, स्वतःची केली आणि कागद यंत्रात दाबून उठावाचा शिक्का उमटवला. फी घेतली, ती आमच्या हिशेबाने बरीच होती. कागद कुरिअरने भारतात गेला.

नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की भारत आमच्यापेक्षा साडेदहा तास पुढे असतो. तिकडे सकाळी अकराला साहेब जागेवर सापडतात, तेव्हा इकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. घर झोपलेलं, मी स्वयंपाकघरात फोन घेऊन बसलेली. एकदा उत्तर आलं, "बाई, परदेशातला नोटरी चालत नाही, वकिलातीचा शिक्का लागेल." पुढच्या वेळी दुसऱ्याने सांगितलं, "चालेल बहुतेक, साहेबांना विचारून सांगतो." तिसऱ्याने कागद मिळालाच नाही म्हणून सांगितलं. मला त्या मुलांचा राग आला नाही. मी त्यांच्याच खुर्चीत बसलेली आहे. ज्याच्या हातात लेखी काही नसतं तो जोखमीचं उत्तर देत नाही, नाही म्हणणं त्याला सुरक्षित वाटतं. पण माझी पेन्शन थांबली ती थांबलीच. पुढे वकिलातीचा शिक्का असलेला दुसरा दाखला गेला, तेव्हा थकबाकीसह सुरू झाली. आमचं लेकीकडे भागत होतं. ज्यांचं औषधपाणी त्याच पैशावर चालतं, त्यांनी ते महिने कसे काढायचे?

आमच्या शेजारच्या इमारतीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक नागपूरचे गृहस्थ राहतात. त्यांचा नोटरीचाच कागद बिनतक्रार चालला. केंद्र सरकारच्या नियमातच तसं लिहिलेलं आहे. भारताबाहेर राहणाऱ्या पेन्शनरचा दाखला मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँकर किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांपैकी कोणाच्याही सहीने दिला तर त्याला स्वतः हजर राहावं लागत नाही. चार शब्द लिहिलेले असले की काउंटरवरचा माणूसही निर्धास्त आणि पेन्शनरही.

आमच्या ह्यांची गोष्ट निराळी. ते चिंचवडला एका कारखान्यात टर्नर होते. त्यांची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडून येणारी. ती किती तुटपुंजी असते ते कामगारांच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. 2014 पासून किमान हजार रुपये केली, तीही मोठ्या मागणीनंतर. पण एक गोष्ट त्या कार्यालयाने चांगली केली. त्यांचा दाखला वर्षात केव्हाही द्यावा आणि तो तिथून पुढे बारा महिने चालतो. नोव्हेंबरची झुंबड नाही. ह्यांची अडचण वेगळीच होती. आयुष्यभर लेथवर लोखंड, कूलंट आणि पत्र्याच्या धारा हाताळून बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत. गावी ई-सेवा केंद्रातल्या मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दुसरं बोट ठेवलं, तरी लाल. रेशनच्या दुकानातही तेच. ज्या हातांनी काम केलं म्हणून पेन्शन मिळते, ते हात मशीन ओळखत नव्हतं. हे मला फार लागायचं.

इथे भारतीय कॉन्सुलेटतर्फे नोव्हेंबरात देवळांत आणि गुरुद्वारांत दाखल्यांची शिबिरं भरतात. टोरोंटो शहरात जायची दगदग नको म्हणून म्हातारी माणसं त्यांची वाट पाहतात. पासपोर्ट, पीपीओची प्रत, फोटो आणि भरलेला फॉर्म घेऊन बसायचं, अधिकारी समोर सही घेतात, शिक्का मारतात. 2024 मध्ये 3 नोव्हेंबरला ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिरात असंच शिबिर चालू असताना बाहेर खलिस्तानवाद्यांची निदर्शनं झाली आणि मारामारीपर्यंत गेली. त्याची बातमी भारतातही सगळीकडे गेली. आत बसलेली माणसं मात्र कोण होती, ते बातम्यांत फारसं आलं नाही. तिथे पेन्शनर बसले होते, भारतीय नागरिक होते तसे कॅनडाचे नागरिक झालेलेही होते. उच्चायुक्तालयाने सांगितलं की त्याही दिवशी हजाराहून जास्त दाखले दिले गेले. त्यानंतर 7 तारखेला कॉन्सुलेटने जाहीर केलं की सुरक्षेची किमान हमी मिळत नसल्याने ठरलेली काही शिबिरं रद्द करत आहोत. आम्ही ज्या शिबिराला जाणार होतो तेही त्यात गेलं. राजकारण कोणाचं, आणि अडलं कोणाचं? काठी टेकत येणाऱ्या माणसांचं.

मग लेकीने फोनवर चेहऱ्याने दाखला द्यायचं काढलं. जीवन प्रमाण म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला 10 नोव्हेंबर 2014 ला सुरू झाला, पण तेव्हा त्याला अंगठ्याचं किंवा डोळ्याचं मशीन लागायचं. नोव्हेंबर 2021 पासून साध्या स्मार्टफोनवर चेहरा दाखवून काम होतं. आधारचं चेहरा ओळखणारं ॲप आणि जीवन प्रमाणचं ॲप, अशी दोन्ही घ्यावी लागतात. आधी मदत करणाऱ्याचा चेहरा, मग पेन्शनरचा. ओटीपीसाठी आमचे भारतातले नंबर आम्ही रोमिंगवर चालू ठेवले होते. हे खिडकीपाशी बसले. मागे भिंत पांढरी हवी म्हणून कॅलेंडर उतरवलं, चष्मा काढला. गोलात चेहरा आणायचा आणि सांगितलं की पापण्या मिटून उघडायच्या. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे ते आधी डोळे ताणूनच बघत राहिले. लेक म्हणाली, "बाबा, नुसतं नेहमीसारखं बघा." त्यांची पापणी लवली, गोल हिरवा झाला आणि थोड्या वेळाने प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा, मेसेज आला. हे पुन्हा पुन्हा तो नंबर वाचत होते. झिजलेल्या बोटांची कोणाला गरज पडली नाही. त्या दिवशी मला ज्यांनी ज्यांनी ही सोय उभी केली त्या सगळ्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटले.

माझ्यासाठी मात्र त्या वर्षी शिक्काच घ्यायचा, असं मी ठरवलं. मागचे मध्यरात्रीचे फोन विसरले नव्हते. किपलिंग स्टेशनपर्यंत बस, तिथून एकाच मेट्रोने शेरबर्न, आणि ब्लूर स्ट्रीटवर कॉन्सुलेट. रस्ता सोपा आहे, पण थंडीचे बूट, कोट, टोपी चढवून सत्तरीच्या माणसाने तो करायचा म्हणजे दिवस जातो. माझ्यापुढे एक पंजाबी आजी व्हीलचेअरवर होत्या, मुलाने कामावर रजा टाकली होती. खिडकीतल्या अधिकाऱ्याने वाकून त्यांचं नाव विचारलं, फोटोशी चेहरा ताडला आणि मगच सही केली. असं नीट पाहून केलेल्या सहीबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. पुढच्या वर्षी कोषागारात आधी विचारून घेतलं, जीवन प्रमाण चालतं असं पक्कं कळलं, तेव्हा मीही चेहऱ्यानेच दाखला दिला.

इथल्या ज्येष्ठांच्या क्लबात एक इटालियन गृहस्थ येतात. तरुणपणी काही वर्षं इटलीत नोकरी केली, तिची छोटी पेन्शन त्यांना अजून येते. त्यांनाही दरवर्षी जिवंत असल्याचा फॉर्म भरावा लागतो, साक्षीदाराच्या सहीसकट. मी विचारलं, तुम्ही कुठे धावता? ते म्हणाले, आमचं पात्रोनातो आहे ना. कामगारांच्या आणि परदेशी गेलेल्यांच्या मदतीसाठी इटालियनांनी उभ्या केलेल्या या संस्थांची कार्यालयं इथेही आहेत. तिथली माणसं फॉर्म भरून देतात, कोणाची सही लागेल ते सांगतात, कागद कुठे पाठवायचा तेही बघतात. म्हातारा माणूस एका ओळखीच्या दारात जातो आणि काम होऊन परत येतो. ते ऐकून मला आमची गावची बँक आठवली नसती तरच नवल.

आपली महाराष्ट्र मंडळं गणपती, दिवाळी फार उत्तम करतात. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की दिवाळीनंतरच्या एका रविवारी हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल मांडा. दोन तरुण मुलं, एक चांगला फोन, प्रिंटर आणि शांतपणे बोलणारं कोणीतरी, एवढं पुरेल. जे ॲपवर होतील ते तिथेच होतील. ज्यांना शिक्का लागेल त्यांना गाडीने कॉन्सुलेटला न्यायचं ठरवून टाका.

आणि ज्या खात्यात माझी हयात गेली त्या खात्याला विनंती आहे, ती अधिकाराने करते. परदेशातल्या पेन्शनरसाठी कोणाकोणाची सही चालेल, दाखला कोणत्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवायचा आणि तो मिळाल्याची पोच कशी कळेल, हे मराठीत एका पानावर लिहून प्रत्येक कोषागाराच्या संकेतस्थळावर लावावं. काउंटरवरच्या मुलालाही ते पान छापून द्यावं.

तुमचे आईवडील परदेशी यायला निघाले असतील, तर तिकीट काढायच्या आधी त्यांचा पीपीओ शोधा, त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा, त्यांच्या आधारला जोडलेला नंबर चालू राहील असं बघा आणि भारतात असतानाच एकदा ॲपवर त्यांच्या चेहऱ्याने दाखला काढून पाहा. काही अडलं तर ते तिथेच सुटेल.