किती राहिलं?

परवा सूनबाई म्हणाली, "मामा, पीएच.डी. सोडून द्यावी म्हणते." तिसरं वर्ष चालू आहे तिचं, नात दीड वर्षाची. मी "बघू" म्हणालो आणि अंगणात येऊन बसलो.

कारण मीही एक पदवी सोडलेली आहे!

माझं बी.ए. १९७२ च्या दुष्काळात झालं, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाचं. मी औरंगाबादला आणि वडील इकडे कळंब तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडायला. त्यांना लिहिता येत नसे. गावातल्या गुरुजींकडून पोस्टकार्ड लिहून घ्यायचे. त्यात शेवटी ठरलेला प्रश्न : "किती राहिलं?"

पुढे नोकरी लागली. बाहेरून एम.ए.चा फॉर्म भरला, पहिलं वर्ष पास झालो. दुसऱ्या वर्षाला बसलोच नाही. लोकांना सांगत आलो, संसार वाढला, वेळ मिळाला नाही. पण खरं सांगू? तेव्हा पगार होता, पुस्तकं होती. वडील मात्र नव्हते. किती राहिलं, हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

नुसत्या आपुलकीनं पदवी मिळते असं नाही. बाबासाहेबांसारख्या माणसालाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पण चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. सिडनहॅममध्ये प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, १९२० ला ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. जिद्द तर होतीच. पण पैसा लागला आणि दारही उघडं राहावं लागलं.

संध्याकाळी सूनबाईला म्हणालो, "अगं, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत सहा वर्षं आहेत. बायकांना वर दोन वर्षांची सवलत, शिवाय २४० दिवसांची प्रसूती रजा."

ती हसली. "नियम पाठ आहेत मला, मामा. दुपारचे तीन तास कुठून आणू?"

मी गप्प झालो. दुपारी एक ते चार मी झोपतो. नात तेव्हाच जागी असते.

आता आठवडा झाला, दुपारी नात माझ्याकडे. माझ्या जुन्या चष्म्याची एक काडी तिने मोडली, चालायचंच! चार वाजता सूनबाई खोलीबाहेर आली, की मी विचारतो, "किती राहिलं?"

काल म्हणाली, "पुष्कळ."

सोडते म्हणाली नाही. असो.