हारुसूरुची मुलगी

जपानला शिकायला जाणाऱ्या मुलांचा विषय निघाला की आपल्याकडे बुलेट ट्रेन, स्वच्छता आणि वक्तशीरपणा यांवरच गाडी जाते. तिथे पोचल्यावर पहिले काही आठवडे माणूस मुका होऊन जातो, हे कोणी बोलत नाही. मला ते नातीमुळे कळलं.

नात पुण्यात जपानी शिकत होती. २०२४ च्या सप्टेंबरात ती विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून एका वर्षासाठी ओकायामाला गेली. पुणेकरांना हे नाव ठाऊक असतं. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान. ओकायामातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेवर बेतलेलं. ओकायामाचे लोक आपल्या प्रांताला 'लख्ख उन्हाचा देश' म्हणवतात. इथे हरसूलला चार महिने छत्री वाळत नाही, म्हणून मला त्याचंच जास्त कौतुक वाटलं!

जाण्याआधी ती सुट्टीत माझ्याकडे राहिली आणि मला तिने जपानी मुळाक्षरं शिकवली. मी चकितच झाले. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा तर आपलाच क्रम! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमाला तिकडे पोचली, त्याची ही खूण. वाक्यही आपल्यासारखंच. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु', म्हणजे मी भात खाते. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. तो 'ओ' म्हणजे आपली द्वितीयाच की. आणि 'गोहान' म्हणजे भात आणि जेवण, दोन्ही. मी म्हटलं, अगं, मराठी व्याकरण पक्कं असेल तर तुला काय कठीण आहे? परीक्षेच्या पाच पातळ्यांपैकी तिसरीपर्यंत ती पोचलीही होती. (चित्रलिपीचं मात्र बोलू नये. रोजच्या वापराचीच दोन हजारांवर अक्षरं आहेत.)

तिथे उतरल्यावरची सरकारी कामं तिने नीट केली. चौदा दिवसांच्या आत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, आरोग्य विम्यात नाव घालायचं, मग फोन, बँक. फॉर्म भरायचे, रांगेत उभं राहायचं, झालं. वर्गात ओळख करून देताना तिने मूळ गाव हरसूल सांगितलं. जपानीत 'ल' नाही आणि जोडाक्षर सुटं होतं, त्यामुळे आमचं गाव झालं 'हारुसूरु'. हारु म्हणजे वसंत ऋतू. सगळा वर्ग खूश.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. इथे रात्रीचे आठ, म्हणजे तिकडे साडेअकरा. रेंजसाठी मी ओट्यावर येऊन उभी. पोरगी हुंदके देत होती. वर्गात गटचर्चा असते. ही मनात वाक्य जुळवते तोवर बाकीचे पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. कशातही माशाचा अर्क असतो, म्हणून जेवायला कोणाबरोबर जात नाही. आणि त्या दिवशी तिने कचरा चुकीच्या वारी बाहेर ठेवला होता. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार ठरलेला. तिची पिशवी न उचलता वर चिठ्ठी चिकटवून ठेवलेली. वसतिगृह सांभाळणाऱ्या सत्तरीच्या बाई काहीतरी बोलल्या, त्यातला एक शब्द हिला कळला नाही. "आजी, तीन वर्षं शिकले गं मी. एक शब्द!" तिची आई आधीच म्हणून बसली होती, ये परत.

मला आवणीची उपमा द्यायचा मोह झाला होता, की भाताचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की आठ दिवस पिवळं पडतंच. पण रडणाऱ्या माणसाला उपमा देऊ नयेत. मी तिला १९७५ मधली गोष्ट सांगितली.

मी या भागात नवी मास्तरीण. पहिलीत पाड्यावरची मुलं. घरी बोलणं कोकणा समाजाच्या बोलीत, पुस्तक पुण्या-मुंबईच्या मराठीत. त्यांना वाटे बाई परदेशी, आणि खरंच होतं ते. एक मुलगा तर दिवाळीपर्यंत तोंडातून अक्षर काढत नव्हता. दोनदा पळून घरी गेला. आमच्या हेडगुरुजींनी त्याला काही शिकवलं नाही, घंटेचं काम दिलं. झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर टोला द्यायचा. घड्याळ माझ्या हातात, म्हणून तो सारखा माझ्याकडे बघायचा. एक दिवस म्हणाला, "बाई, घंटा देऊ?" आमच्या शाळेतलं त्याचं पहिलं वाक्य ते. त्यानंतर तो पळाला नाही.

"मग मी काय करू, घंटा वाजवू?" नात चिडून म्हणाली. पण रडणं थांबलं होतं.

चार दिवसांनी ती स्वतःच त्या बाईंकडे गेली आणि सकाळी कचरा वेगळा करायला मदत करू का, असं विचारलं. बाटलीचं झाकण वेगळं, वरचा कागद सोलायचा, बाटली धुवून चेपायची. वस्तू हातात आणि शब्द कानात, अशी तिची नवी शिकवणी सुरू झाली. तेव्हा कळलं की बाई रागावल्याच नव्हत्या. त्या ओकायामाची बोली बोलत होत्या. पुस्तकात 'खूप' या अर्थी 'तोतेमो' येतं, त्या म्हणतात 'बोक्के'. पुण्याच्या वर्गात हा शब्द कोण शिकवणार? आम्ही तरी कुठे आमच्या पुस्तकात पाड्यावरचे शब्द घातले होते? मी पाठवलेले नागलीचे पापड तिने त्यांना भाजून दिले. एकामागून एक पाच खाल्ले म्हणे.

ती वर्ष पुरं करून २०२५ च्या ऑगस्टमध्ये परत आली. मधल्या काळात सगळं सुरळीत झालं असं नाही. हिवाळ्यात पुन्हा दोनदा रडली, आणि गटचर्चेत ती शेवटपर्यंत मागेच राहिली. पण परत यायचं नाव मात्र काढलं नाही.

मार्चमध्ये एका तासाला प्राध्यापकांनी तिला थंडी कशी वाटली असं विचारलं. ही पटकन म्हणाली, बोक्के थंडी होती. वर्ग हसून लोटपोट. प्राध्यापकांनी विचारलं, हे कुठे शिकलीस?

"कचऱ्यापाशी," नात म्हणाली.