सरासरी माणूस कोणत्या वस्तीत राहतो?

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने एक आकडा जाहीर केला. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, ८.४ टक्क्यांनी वाढले. त्यानंतर सोळाच दिवसांनी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. ३१ मे रोजी दुसरा आकडा आला: संपूर्ण वर्षाची वाढ ८.२ टक्के. शेवटच्या टप्प्याचे मतदान दुसऱ्याच दिवशी, १ जूनला होते. या दोन आकड्यांच्या मधोमध, ७ मे रोजी, आमच्या रायगड मतदारसंघाने मतदान केले.

त्या काळात आपल्या तरुणांमध्ये दोनच सूर ऐकू येत होते. एक म्हणत होता, आकडे साफ खोटे आहेत. दुसरा म्हणत होता, देश पुढे चाललाय, मग आपण रडगाणे का गायचे? आमचे म्हणणे या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आकडा खरा असूनही तो आपला नसू शकतो. म्हणून 'खरा की खोटा' यापेक्षा 'कोणाचा' हा प्रश्न आंबेडकरी कार्यकर्त्याने आधी विचारला पाहिजे.

जीडीपी काय मोजतो? एका वर्षात देशाच्या हद्दीत किती किमतीचा माल आणि सेवा निर्माण झाल्या, एवढेच. त्यातले कोणाच्या घरात किती पोहोचले, हे तो मोजत नाही. तो खळ्यावरचे भात मोजतो, चुलीवरचा भात मोजत नाही. आणि खळ्यावरचे मापही सगळीकडे सारखे चालत नाही. वर सांगितलेल्या त्याच तिमाहीत कर आणि अनुदानांचा हिशोब बाजूला ठेवला, तर वाढ ८.४ नव्हे, ६.५ टक्के होती. आणि शेतीक्षेत्र वाढण्याऐवजी ०.८ टक्क्यांनी आकसले होते. हेही सरकारचेच आकडे आहेत. पण प्रचाराच्या भोंग्यावरून ऐकू आला तो ८.४.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. रायगड हा कागदावर सधन जिल्हा आहे. न्हावा-शेवाचे बंदर आहे, डोलवीचा पोलाद कारखाना आहे, थळचा खत कारखाना आहे, पनवेलची वाढती नगरी आहे. इथे जे उत्पादन होते ते जिल्ह्याच्या नावावर जमा होते आणि लोकसंख्येने भागले की दरडोई आकडा तयार होतो. पण बंदरातून कंटेनर गेला म्हणून म्हसळ्याच्या बौद्धवाडीत पैसा येत नाही. कारखान्याचा नफा भागधारकांकडे जातो, आणि ते भागधारक मुरुड-श्रीवर्धनच्या वाडीवस्तीत राहत नाहीत. गंमत अशी की जिल्ह्याची सरासरी वर ओढणारे पनवेल आणि उरण रायगड लोकसभा मतदारसंघात येतच नाहीत. ते मावळमध्ये मतदान करतात. म्हणजे आमच्या मतदाराला जी सरासरी दाखवली जाते, तिचा मोठा भाग शेजारच्या मतदारसंघाचा असतो.

सरासरी किती फसवी असते, हे सरकारनेच लागोपाठच्या दोन दिवसांत दाखवून दिले. २७ जून २०२४ रोजी विधिमंडळात महाराष्ट्राचा आर्थिक पाहणी अहवाल मांडला गेला. त्यात २०२२-२३ चे राज्याचे दरडोई उत्पन्न २,५२,३८९ रुपये दिले होते. दरडोई म्हणजे माणशी, तान्ह्या मुलासकट. चार माणसांच्या घराला हे गणित लावले तर वर्षाला दहा लाखांच्या वर जाते. दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. तिची अट काय? संपूर्ण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. म्हणजे अहवाल ज्याला एका माणसाची सरासरी म्हणतो, योजना त्याला अख्ख्या कुटुंबाची मर्यादा म्हणते. आणि त्या मर्यादेत दोन कोटींहून जास्त महिला बसल्या. काही अपात्र नावे घुसली असतील, ती वजा करा. तरीही प्रश्न उरतोच: हा सरासरी माणूस नेमका कोणत्या वस्तीत राहतो?

त्या जुलैमध्ये आम्ही गावोगावच्या विहारांत बसून फॉर्म भरत होतो. पावसाचे दिवस, लावणीची धांदल, आणि तरीही दाराबाहेर चपलांची रास. ज्यांच्याकडे पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड होते त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता, तरी आम्ही कमाई विचारून घेत होतो. एका काकींना विचारले, वर्षाला घरात किती येतात? त्या म्हणाल्या, "ताई, वर्षाचं कोण मोजतंय? आठवड्याचं विचारा." त्यांचा आठवडा असा: पाऊस असेल तर लावणी, शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या बंगल्यावर झाडलोट, बाकी दिवस मिळेल ते. मुलगा पनवेलला कंत्राटावर. अशी घरे आम्ही कितीतरी पाहिली. तिमाहीचे अंदाज काढताना या कामांची दारोदार जाऊन मोजणी होत नाही. इतर निर्देशकांवरून त्यांचा अंदाज बांधला जातो.

जरा मजुरीचाच हिशोब करू. २०२४-२५ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. नवरा-बायको दोघांनाही वर्षाचे ३०० दिवस या दराने काम मिळाले असे धरा. तसे ते मिळत नव्हते, केंद्राची हमीच मुळी तेव्हा कुटुंबाला १०० दिवसांची होती. तरी दोघांची मिळून वर्षाची कमाई होते १,७८,२०० रुपये. एका 'सरासरी' माणसाच्या उत्पन्नाला दोन राबणारी माणसे मिळूनही पुरी पडत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये, आणि दुचाकी-रिक्षाला बंदी. आमच्या किनाऱ्यावरची वाढ अशीच आहे. ती डोळ्यांसमोरून जाते, आपल्याला तिच्यावर चढता येत नाही.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळीचे झाड हाताशी यायला कित्येक वर्षे लागतात. जीडीपीच्या हिशोबात मात्र मोडलेले झाड वजा होत नाही. त्या झाडाचे लाकूड हटवण्याची मजुरी, नवे पत्रे, नवे विजेचे खांब हे सगळे उत्पादनात मिळवले जाते. 'सकल' या शब्दाचा अर्थच हा: काय गमावले ते न वजा करता केलेली बेरीज. आणि ज्यांची वाडीच नव्हती, जे दुसऱ्याच्या वाडीत पाडेकरी किंवा सुपारी सोलायला जात होते, त्यांचे बुडालेले रोज तर नुकसानीच्या पंचनाम्यातही येत नाहीत. पंचनामा मालकाचा होतो.

इथेच जातीचा प्रश्न येतो. अलिबाग-मुरुड पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जमिनींना सोन्याचा भाव आला. वाढीचा सगळ्यात सोपा वाटा जमीनमालकाला मिळतो: विकली की पैसा. बौद्धवाडी आणि कातकरवाडीकडे विकायला काय आहे? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब मतदानाच्या दिवशी गावात असेल की नाही, याचीच खात्री नसते. वाढीला जात नसते म्हणणाऱ्यांनी सरकारचे २०२२-२३ चे घरगुती खर्चाचे सर्वेक्षण उघडावे. देशाच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च: अनुसूचित जमाती ३,०१६ रुपये, अनुसूचित जाती ३,४७४, इतर मागासवर्ग ३,८४८ आणि उरलेल्या 'इतर' गटात ४,३९२. उतरंड जशीच्या तशी आहे. जीडीपीच्या एका आकड्यात ती दिसत नाही, एवढेच.

हा प्रश्न आपल्या मातीत नवा नाही. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षे संप केला. भात पिकत नव्हते म्हणून नव्हे. पिकलेले भात खोत-सावकाराच्या घरात जात होते म्हणून. नारायण नागू पाटलांच्या त्या लढ्यामागे बाबासाहेब उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच्याही आधी, १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात, अर्थतज्ज्ञ बाबासाहेबांनी दाखवले होते की रुपया घसरून व्यापाऱ्याला जो फायदा होतो तो देशाचा फायदा नव्हे. किमती मजुरीपेक्षा वेगाने वाढतात, आणि पैसा मजुराच्या खिशातून निघून दुसऱ्याच्या खिशात जातो. शंभर वर्षांपूर्वी एका आकड्यामागची दोन माणसे त्यांनी अशी वेगळी केली होती.

म्हणून आम्ही वाढीच्या विरोधात आहोत असे कोणी समजू नये. शेतीवरचा भार उतरवायला उद्योग हवेत, हे बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लिहून ठेवले. शिष्यवृत्तीचा पैसाही अर्थव्यवस्था चालली तरच येतो. प्रश्न वाट्याचा आहे.

आणि मतदाराचे काय? जीडीपी वाढला की सत्ताधारी जिंकतो, हे खरे नाही. २००४ मध्ये वाढ आठ टक्क्यांच्या वर होती, 'इंडिया शायनिंग'ची जाहिरात होती, तरी सरकार गेले. पण वस्तीत दैन्य आहे म्हणून सत्ताधारी हरतो, हेही खरे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच महायुतीने विधानसभा मोठ्या बहुमताने जिंकली. रायगडने तर मे महिन्यातही महायुतीचाच खासदार निवडला. मे ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत वाढीच्या दराने असा काही चमत्कार केला नव्हता. बदलल्या त्या इतर गोष्टी, आणि त्यात एक ठळक गोष्ट होती: महिन्याला खात्यात येणारे १५०० रुपये. सत्ताधाऱ्यांचा स्वतःचाच ८.४ टक्क्यांवर विश्वास असता, तर त्यांना हे १५०० वाटावे लागले नसते.

आपल्यातले काही शहाणे त्या महिलांना 'विकल्या गेल्या' म्हणाले. हे बोलणे आपल्या चळवळीला शोभत नाही. ज्या बाईला वाढीतला वाटा मजुरीतून मिळाला नाही, तिने तो खात्यातून घेतला. त्यात लाज कसली? उलट तिला एवढेच विचारा, की १५०० ही ओवाळणी आहे की तुझा हक्क? ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. हक्काला संविधान असते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ चालू ठेवला तर लोकशाही धोक्यात येईल. जीडीपी हा बाजाराचा आकडा आहे. त्यात शंभर रुपये खर्च करणाऱ्याचे वजन दहा रुपये खर्च करणाऱ्याच्या दहापट असते. मतपेटीत दोघांचे वजन सारखे. म्हणूनच निवडणूक हा एकच दिवस असा आहे, जेव्हा दरडोई या शब्दाला खरा अर्थ येतो.

तो दिवस फुकट घालवू नका. पुढच्या सभेत कोणी वाढीचा आकडा फेकला, तर घोषणा देऊ नका, हिशोब मागा. आपल्या गावात रोजगार हमीचे किती दिवस प्रत्यक्ष मिळाले? ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला मागासवर्गीयांचा १५ टक्के निधी कुठे खर्च झाला? दलित वस्तीचा निधी वस्तीतच पोहोचला का? कारखान्यात स्थानिक किती, त्यातले कायम किती? कातकरी बांधवांची नावे यादीत आहेत का आणि मतदानाला त्यांना आणायची सोय कोण करणार? ग्रामसभेत लेखी विचारा, उत्तर नाही मिळाले तर माहिती अधिकारात अर्ज टाका. विहारात एक वही ठेवा आणि वस्तीचा हिशोब वस्तीनेच लिहा: कोणाला किती दिवस काम, किती मजुरी, किती कर्ज, किती मुले कॉलेज सोडून बसली.

त्यांच्याकडे देशाचा आकडा आहे. आपल्याकडे आपल्या वस्तीचा आकडा असला पाहिजे. तो हातात असेल, तरच समोरच्याला विचारता येईल: साहेब, तुमचे ८.४ टक्के आमच्या या वहीत कुठल्या पानावर लिहू?

जय भीम.