दुसरं बारसं

त्याचा जन्म 1910चा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे, तिथल्या क्लार्क विद्यापीठात जॉर्ज ब्लेकस्ली आणि मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी हे त्रैमासिक काढलं. नाव ठेवलं ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’, म्हणजे वंशांच्या विकासाचं नियतकालिक. स्वभावाने सभ्य, अभ्यासू. आवाज चढवणं त्याला ठाऊक नव्हतं. ‘मागासलेल्या’ वंशांना वर कसं आणावं, उष्ण प्रदेशाची हवा गोऱ्या माणसाला मानवेल का, अशी चर्चा ते शांतपणे करी. राज्य कोणी करायचं हे मात्र आधीच ठरलेलं.

तरी एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं: जे मानत होतं ते मुखपृष्ठावर छापत होतं. म्हणून त्याच्याशी भांडता येत होतं. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस त्याच्याच पानांवर भांडले. युरोपातलं महायुद्ध हे काळ्या-सावळ्या माणसांच्या लुटीतला वाटा मिळवण्यासाठी पेटलंय, असं त्यांनी 1917 साली तिथे मांडलं.

1919 साली त्याचं दुसरं बारसं झालं: ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’. त्याच वर्षी पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाच्या सनदेत वांशिक समानतेचं कलम घालावं म्हणून जपान झगडत होता. 17 पैकी 11 मतं बाजूने पडली, पण एकमत नाही म्हणून अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ते नामंजूर केलं. 1922 मध्ये आपलं त्रैमासिक ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये विलीन झालं.

आज पाठ्यपुस्तकं सांगतात की आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय 1919 साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला, युद्धाच्या दुःखातून जन्मला. 1910चं नाव गळून पडतं. मला राग येतो तो इथे. या विषयातले अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांच्या 1979च्या सिद्धान्तात सगळी राष्ट्रं एकसारखी, फरक फक्त ताकदीचा. ती ताकद कोणाच्या जमिनीतून, कोणाच्या घामातून आली, हा प्रश्न त्या मांडणीत उभाच राहत नाही. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोत माणसं मारली गेली, पण काँगो महासत्ता नव्हता, म्हणून सत्तासमतोलाच्या हिशेबात ती माणसं कुठेच नाहीत. उघड वंशवाद खोडून काढता येतो. तटस्थ सूत्रात मुरलेला वंशवाद विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतो.

ज्यांनी भोगलं त्यांना मात्र वंशवादाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय आहे हे कळायला सिद्धान्त लागला नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत आहेत हे वाचून 1946 साली डॉ. आंबेडकरांनी त्या निवेदनाच्या प्रती ड्यू बॉइस यांच्याकडे पत्राने मागितल्या होत्या.

त्रैमासिकाचे ते जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, वॉल्ट्झ जरूर वाचा, पण त्याआधी हे अंक उघडा.