बाबागाडी कोणाची?

माझी लेक बाळंतपणासाठी अंजूरला आली आणि कंबरदुखीमुळे तिचा मुक्काम लांबला. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर तिने घडीची बाबागाडी मागवली. भिवंडीचा हा परिसर गोदामांचा. गाडी दुसऱ्याच दिवशी दारात आली. ती पाहून आई म्हणाली, "माझी चार पोरं कडेवर वाढली. चाकं कधी लागली नाहीत."

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष माणसांआधी शब्दांकडे जाते, हा त्याचा दोष. 'कडेवर'मधील 'कड' संस्कृत 'कटि'शी, म्हणजे कमरेशी, नाते सांगते. पण तो शब्द उच्चारताना आपल्याला बाळ दिसते, कंबर दिसत नाही. 'बाबागाडी'तला बाबा म्हणजे लहान मूल. ढकलणारीचा तिथेही उल्लेख नाही. 'प्रॅम' हा 'पेराम्ब्युलेटर'चा संक्षेप. त्याच्या मुळाशी हिंडणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. इंग्रजीत हा शब्द आधी पायी हिंडणाऱ्या माणसासाठी होता. गाडीला तो नंतर मिळाला.

हे सारे मी लेकीला उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "बाबा, ही गाडी बाळासाठी नाहीच. मला घराबाहेर पडायचं आहे."

संध्याकाळी आम्ही निघालो. गल्लीत गाडी सुरेख चालली. मुख्य रस्त्यावर मात्र कंटेनरांची रांग, खड्डे, धूळ. पदपथाचा पत्ता नाही. गाडी ज्या वाटेने घरी आली, त्याच वाटेवर तिला जागा नव्हती. दहा मिनिटांत परतलो. बाळ माझ्या कडेवर आणि घडी केलेली गाडी तिच्या हातात. माझी कंबर तेव्हा प्रथमच मला जाणवली.

अशी हलकी, मिटणारी गाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने १९६५ च्या सुमारास घडवली. जड गाडी घेऊन प्रवास करताना लेकीची होणारी ओढाताण त्याने पाहिली होती. त्याने गाडीचे वजन उतरवले. रस्ता करून देणे मात्र एकट्या बापाच्या हातचे नसते.

आता आम्ही पहाटे, वाहनांची वर्दळ वाढण्याआधी, देवळापर्यंत जातो. परवा आईही चपला घालून उभी राहिली. तिने गाडीची मूठ हाती घेतली आणि नातीला म्हणाली, "मी ढकलते. तू नुसती चाल."