पुणतांब्यात रिव्हॉल्व्हर कशासाठी?

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याच्या कानावर हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो: परवाना काढून रिव्हॉल्व्हर घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं? पुणतांब्याच्या शिवारात बिबट्याची भीती खरी आहे, वस्तीवरच्या चोरीची धास्तीही खरी. रात्रीच्या विजेवर दारे धरणारा माणूस एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन चिखलात उभा असतो आणि दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. त्याला कमरेला हत्यार असावं असं वाटलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण हत्यार काम बघून निवडायचं असतं. आपल्याकडची कामं एकेक तपासली, तर रिव्हॉल्व्हर त्यांतल्या बहुतेकांच्या उपयोगाचं नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी बिबट्या घेऊ. सामान्य परवानाधारकाला ९ मि.मी. किंवा .३८ बोअर मिळत नाही. त्याच्या वाट्याला बहुतेकदा येतं ते .३२, म्हणजे कानपूरच्या कारखान्याचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, किंवा २०१४ मध्ये बाजारात आलेलं अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’. या गोळीचा जोर दीडशे ज्यूलच्या आसपास, ९ मि.मी.च्या साधारण एक तृतीयांश. घोडा आधी ओढलेला नसेल तर चाप लांब आणि जड ओढावा लागतो. अंधारात, चिखलाच्या हातांनी, झेप घेणाऱ्या जनावरावर नेम लागणं कठीण, आणि लागलाच तर जखमी बिबट्या उसात शिरून दुसऱ्या दिवशी तोडणी मजुरांच्या समोर येणार. कोणी म्हणेल, जीव वाचवताना बिबट्या मारला तर कायदा माफ करतो. खरं आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तशी तरतूद आहे. पण कायद्याने माफ केलं म्हणून गोळीचा जोर वाढत नाही. विद्या अत्रेय यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तिथल्या शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे माणसांच्या शेजारी राहत होते. पुढच्या काळात जिल्ह्यात माणसंही दगावली, हे मी नाकारत नाही. म्हणूनच बंदिस्त गोठा, अंगणात उजेड आणि दिवसा वीज हे उपाय मला हत्यारापेक्षा मोलाचे वाटतात.

शिकारीचा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला आहे. रानडुकराने पिकाची नासधूस केली तर वन खात्याच्या परवानगीची वाट आहे. पण ते काम लांब नळीच्या बंदुकीचं, तीन इंची नळीचं नाही. नेमबाजीची हौस असेल तर तिचा मी मनापासून चाहता आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, ते .२२ च्या स्पर्धेच्या पिस्तुलावर. मुलाला सुरुवात करून द्यायची तर .१७७ चं एअर पिस्तूल घ्या. २० ज्यूलच्या आतल्या अशा हत्याराला परवाना लागत नाही.

उरला चोर. ‘घरात हत्यार आहे हे कळलं तरी चोर फिरकत नाही,’ हा आक्षेप वजनदार आहे. पण चोराला जे कळतं ते चोरीलाही जातं. नियमाप्रमाणे हत्यार कुलुपात ठेवायचं, तर झोपेतून दचकून उठलेल्याच्या हाती ते वेळेत येत नाही. उशाशी ठेवायचं, तर घरातल्या लेकरांच्या हाती आधी लागतं. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करायची वेळही येते. ज्याच्या जिवावर कोणी खरंच उठलं आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याने हलक्यापेक्षा पोलादी, थोडं जड रिव्हॉल्व्हर घ्यावं, कारण जड हत्यार हातात कमी उसळतं. आणि सरावाला रेंजवर नियमित जाणार नसेल, तर परवान्याचा अर्जच करू नये.

बाकीच्यांना माझं सांगणं एवढंच. १ जून २०१७ च्या शेतकरी संपाची हाक ज्या पुणतांब्याने दिली, त्या गावाला एकजूट शिकवायला नको. रिव्हॉल्व्हरसाठी साठवलेले पैसे गोठ्याच्या जाळीला आणि वस्तीवरच्या दिव्यांना लावा, आणि दिवसा विजेची मागणी सगळे मिळून लावून धरा.