सुकतीला मैदान मोकळं होतं

अलिबागच्या किनाऱ्यावर क्रिकेटचं मैदान दिवसातून दोनदा उघडं पडतं आणि दोनदा बुडतं. त्याचं वेळापत्रक पंचांगात असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनारपट्टीवरचा जुना हिशोब. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. भर दुपारच्या उन्हात कोण खेळणार? पण पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला पूर्ण सुकती (ओहोटी). शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने पाणी जितकं वर चढतं तितकंच मागेही हटतं आणि टणक, ओली वाळू लांबवर मोकळी होते. त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतच्या या संध्याकाळी नोकरदार माणसाच्या. नंतर ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकत रात्रीत जाते.

मी क्रीडाशिक्षक. पोरांना खेळायला शिकवावं लागत नाही, फक्त थांबवावं लागतं. अवघड जातात ते त्यांचे पालक. मांडव्याहून रोज लाँचने गेटवेला जाणारे, थळच्या खत कारखान्यात पाळ्या करणारे, आणि शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या खोल्यांच्या चादरी बदलणारे. या तिसऱ्या मंडळींची मला गंमत वाटते. पाहुणे आपल्या दारात येऊन बनाना राइडवर किंचाळतात, वाळूत लोळतात, आणि यजमानाने स्वतः समुद्रात पाय कधी बुडवले होते ते त्याला आठवत नाही. सगळ्यांचं उत्तर मात्र एकच, “सर, खेळायचंय हो, पण वेळ कुठाय?”

माझं म्हणणं असं की खेळ वेळेअभावी थांबलेला नाही. मोकळा वेळ मिळतोच, आणि तो मोबाईल गिळतो. थांबलाय तो ठरलेल्या तारखेअभावी, आणि आपल्यावाचून ज्यांचा डाव अडेल अशा चार माणसांअभावी. व्यायामाचं तसं नसतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. ती एकट्याने करता येते, म्हणून उद्यावर टाकताही येते. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, पण “अरे, एक गडी कमी आहे, ये लवकर” असं ते ओरडत नाही. योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात मांडलं होतं की खेळाला स्वतःची जागा आणि स्वतःची वेळ आखून घ्यावी लागते. आमच्याकडे ती आखणी समुद्रच करून देतो. सहाची ओहोटी साडेआठला घ्या असं त्याला कोणी सांगू शकत नाही.

खेळाला ठरलेली तारीख लागते हे जुन्या लोकांना माहीत होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि हंगाम पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास नारळी पौर्णिमा येते. त्या दिवशी दर्याला नारळ अर्पण झाला की नाक्यानाक्यावर नारळफोडी सुरू. एकाने सोललेला नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका घालायचा. ज्याचा फुटला त्याचा नारळ गेला. एरवी बाजारात आठ-दहा रुपयांवरून घासाघीस करणारी माणसं या दिवशी जाड करवंटीचा नारळ मिळवायला वाटेल ते मोजतात, टिचकी मारून आवाज ऐकतात, नारळ मुठीत फिरवून कुठल्या बाजूने धरायचा याचा डावपेच लढवतात. साठीचा गृहस्थ विशीतल्या पोराशी “आधी तू धर, आधी तू धर” म्हणून भांडत असतो. या खेळात वय, पगार, पोट काही आड येत नाही. हरलेला फुटलेल्या नारळाकडे दुःखाने पाहतो आणि पुढचा काढतो. संध्याकाळी घरोघर नारळीभात असतोच.

बायकांच्या वाट्याला मात्र खेळ कमी आला. गौरींची रात्र, मंगळागौर, म्हणजे देवाच्या निमित्ताने. त्या रात्री फुगडी घालताना पन्नाशीतल्या बायकांचे श्वास आणि हसू एकदमच फुटतात ते मी पाहिलंय. इतर वेळी त्यांना वाळूवर बोलवायचं तर आधी त्या संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार ते ठरवावं लागतं. पुरुषांनी “तीही आली असती, पण…” म्हणण्याआधी पिठलं-भात शिकून घ्यावा.

टेनिस बॉलच्या चषकांबद्दलही बोललं पाहिजे, कारण रायगडात खेळ म्हटलं की लोक तेच दाखवतात. मांडव, समालोचक, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, बक्षिसाला मोटारसायकल. पोरं झकास खेळतात, माझी तक्रार नाही. पण खेळणारे बावीस आणि बाहेर खुर्च्यांवर शेकडो, त्यातले बहुतेक चाळिशीचे. अलीकडे चाळीस वर्षांवरच्यांसाठी वेगळे सामने होऊ लागलेत, ते मला जास्त मोलाचे वाटतात. फक्त गड्यांनो, दहा मिनिटं सांधे मोकळे केल्याशिवाय पहिली धाव चोरू नका. वर्षातून एकदा खेळणाऱ्याची पोटरी पहिल्याच षटकात धरते, आणि मग “आपल्याला जमत नाही” असं तो वर्षभर सांगत फिरतो.

नव्या वर्षाची दिनदर्शिका एव्हाना भिंतीवर आली असेल. तिच्यातल्या पौर्णिमा-अमावास्यांच्या आसपासच्या दोन-दोन संध्याकाळींवर खूण करा आणि चार जणांना आजच कळवा. सगळ्यांना सोयीची तारीख शोधत बसू नका, ती सापडत नाही. दिवाळीच्या पाडव्याला सुकती पावणेसातच्या सुमारास असते, म्हणजे पाच वाजता वरसोली, आक्षी, नागावची वाळू खेळण्याजोगी झालेली असेल. स्टंप नसले तर चपला लावा. ओवाळणी रात्री करा.